किंमत कोणी मोजायची?

पाथर्डी तालुक्यातल्या एका वस्तीवर, शाळेच्या मागच्या भिंतीला टेकून बसलेली एक मुलगी मला म्हणाली, "ताई, एक सांगते, पण कुणाला सांगू नगा." मी म्हणाले, "नाही सांगणार." नोकरी लागून मला तेव्हा जेमतेम दीड वर्ष झालं होतं. मुलीचं वय सोळा. दिवाळी आठ दिवसांवर आलेली, आणि दिवाळी झाली की टोळ्या ऊसतोडीला निघणार. तिचं लग्न त्याआधी उरकायचं ठरलं होतं, कारण मुकादमाकडून उचल घ्यायची तर जोडी लागते. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता, आणि उचलही त्याच हिशेबाने. हे सगळं तिने शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख सांगावी तितक्या सरळ आवाजात सांगितलं. बोलता बोलता ती चपलेचा तुटलेला अंगठा सुईदोऱ्याने टाचत होती.

मी शब्द मोडला. दुसऱ्या दिवशी ग्रामसेवकांना कळवलं. खेड्यात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तेच असतात. लग्न थांबलं. अठरा पूर्ण झाल्याशिवाय लग्न करणार नाही, असं आईवडिलांकडून लिहून घेतलं. आमच्या मासिक अहवालात त्याची यश म्हणून नोंद झाली. मुलगी आईबापांबरोबर फडावर गेली आणि शाळा सुटली ती सुटलीच. उन्हाळ्याच्या तोंडावर टोळ्या परतल्या तेव्हा ती मला रस्त्यात दिसली. तिने ओळख दाखवली नाही.

लग्न थांबवलं यात माझी चूक नव्हती. आजही तेच करीन. चूक आदल्या दिवशीची होती, "नाही सांगणार" म्हणाले तेव्हाची. लहान मुलीला असा शब्द द्यायचा मला अधिकारच नव्हता, आणि हे मला पदवीच्या पहिल्या वर्षात शिकवलेलं होतं. गोपनीयता कुठपर्यंत पाळता येईल, हे समोरच्या माणसाने तोंड उघडण्याआधी त्याला सांगायचं असतं. मी ते सांगितलं नाही, कारण मला तिची ताई व्हायचं होतं. विश्वास, माया, जवळीक ही माझी मूल्यं होती आणि ती मनापासूनची होती. त्या मनापासूनपणाची किंमत तिने मोजली.

व्यक्तिगत मूल्यं आणि व्यावसायिक नीती यांचा मेळ कसा घालायचा, असं कुणी विचारलं की तेव्हापासून मी हाच प्रश्न आधी विचारते: माझ्या मूल्याची किंमत कोण मोजतंय? मी मोजत असेन तर ते खुशाल माझं व्रत म्हणावं. ती समोरच्या माणसाच्या खात्यावर पडत असेल, तर माझं मूल्य कितीही उदात्त असो, त्याच्यासाठी ती सत्ताच असते.

हा प्रश्न पारखून पाहायला नगर जिल्ह्यासारखी जागा नाही. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं असलं तरी बोलताना आम्ही नगरच म्हणतो. महाराष्ट्रातल्या समाजकार्याच्या फार मोठ्या वाटा याच मातीतून गेल्या आहेत. त्यांचा मला अभिमान आहे, आणि म्हणूनच त्यांच्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं असंही वाटतं.

पारनेर तालुक्यातलं राळेगणसिद्धी घ्या. 1975 मध्ये लष्करातून परतलेल्या अण्णा हजारेंनी स्वतःची पुंजी घालून यादवबाबांचं मंदिर उभं केलं, पाणी अडवलं, दारूच्या भट्ट्या बंद करायला लावल्या. नशाबंदी, नसबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि श्रमदान या पाच गोष्टींवर गाव उभं राहिलं. घरातल्या बायकांच्या पाठीवरचे वळ कमी झाले, चुली पेटल्या. हे कुणी नाकारू नये. पण बजावूनही पिणाऱ्याला खांबाला बांधून पट्ट्याने फोडून काढत, हेही याच गावच्या इतिहासात आहे आणि अण्णांनी ते कधी लपवलेलं नाही. आई आजारी लेकराला कडू औषध पाजते तसंच हे, असं त्यांचं म्हणणं होतं.

समाजकार्याच्या विद्यार्थ्यांपुढे मी ही गोष्ट मांडते तेव्हा वर्गातली निम्मी मुलं अण्णांच्या बाजूने उभी राहतात, आणि त्यांचं म्हणणं पोकळ नसतं. एक विद्यार्थिनी म्हणाली होती, "मॅडम, तो रोज बायकोला मारत होता तेव्हा किंमत कोण मोजत होतं?" ती ज्या घरातून आली होती ते मला माहीत होतं. तिला उत्तर द्यायला मला वेळ लागला. मारहाण थांबवायलाच हवी, त्यासाठी गरज पडेल तितकी सक्ती गावाने आणि राज्याने करावी, हे मी मान्य करते. माझी अडचण अशी की राळेगणच्या खांबापाशी तक्रार करणारा, न्याय देणारा आणि शिक्षा करणारा एकच होता, आणि बांधलेल्या माणसाला दाद मागायला जागा नव्हती. आई आणि लेकराचा दाखला तिथेच तोकडा पडतो. गावातला प्रौढ माणूस, तो कितीही प्यालेला असो, कुणाचं लेकरू नसतो.

आणखी एक गोष्ट मला जास्त टोचते. अण्णांच्या शब्दाला जे वजन होतं ते त्यांच्या देवळातल्या खोलीने, न केलेल्या संसाराने, साधेपणाने आलेलं होतं. ते दुसऱ्या गावाला उचलून नेता येत नाही. खांब मात्र नेता येतो. एखाद्या मोठ्या माणसाची व्यक्तिगत मूल्यं हीच आपली पद्धत मानली की त्याच्यामागून येणाऱ्यांच्या हाती त्याचा त्याग पडत नाही, त्याचा पट्टा पडतो. याच राज्यात दारूबंदीची दुसरीही वाट आहे. गावातल्या बायका एकत्र येऊन मागणी करतात, गुप्त मतदान होतं, बहुमताने बाटली आडवी झाली की दुकान बंद. त्या वाटेवर नवऱ्याला भिणारी बाईसुद्धा मत देऊ शकते, कारण तिने काय केलं हे कुणाला कळत नाही. मतपेटीला लावलेलं ते साधं कुलूप म्हणजेच मला व्यावसायिक नीती वाटते.

हिवरे बाजारची गोष्ट याहून नाजूक आहे. पोपटराव पवारांच्या सरपंचपदाच्या काळात या गावाने पाण्याचा ताळेबंद मांडला, शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही असं ठरवलं, जास्त पाणी पिणारी पिकं सोडली. या नियमांची किंमत प्रत्येक शेतकऱ्याने मोजली, नियम मांडणाऱ्यांनीही. म्हणून मला ते न्याय्य वाटतात. त्याच गावाने लग्नाआधी एचआयव्हीची तपासणी बंधनकारक केली. हेतू काळजीचाच होता. एचआयव्हीच्या भीतीचे ते दिवस ज्यांनी पाहिलेत त्यांना तो कळेल. पण या नियमाची किंमत सारखी वाटली जात नाही. ज्या एका मुलाचा किंवा मुलीचा अहवाल पॉझिटिव्ह येईल, ती पूर्ण त्या एकट्याच्या वाट्याला येते. 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झालेल्या 2017 च्या एचआयव्ही कायद्याने तपासणीसाठी माहितीपूर्ण संमती आवश्यक ठरवली. ज्या गावात प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो, तिथे ग्रामसभेचा ठराव समोर असताना बावीस वर्षांचा मुलगा "मला तपासणी नको" म्हणू शकेल का? नाही म्हणता येत नसेल, तर त्याच्या हो म्हणण्याला संमती कसं म्हणायचं?

या उदाहरणांवरून कुणी म्हणेल, मग सोपं आहे, कार्यकर्त्याने आपली मूल्यं घरी ठेवून कामावर यावं. पाठ्यपुस्तकं काहीशी तशीच बोलतात. फेलिक्स बिस्टेक यांनी 1957 मध्ये व्यक्तिसहाय्याची सात तत्त्वं मांडली. स्वीकार, निवाडा न करणं, समोरच्याचा स्वयंनिर्णय, गोपनीयता ही त्यांतलीच, आणि आजही समाजकार्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ती पाठ असतात. वर्गात सहसा सांगितलं जात नाही ते असं की बिस्टेक हे जेझुइट धर्मगुरू होते. पाप, पुण्य, विवाह, कुटुंब या सगळ्यांबद्दल त्यांच्या चर्चची मतं पक्की होती. असा माणूस लिहितो की मदत मागायला आलेल्याचा निवाडा करू नका. मनात काहीच नसलेल्या माणसाला निवाडा न करणं सोपं आहे. ठाम मतं असलेल्या माणसाने ते पाळायचं म्हणजे त्याला रोज स्वतःला आवरावं लागतं. तत्त्व त्याच्यासाठीच लिहिलेलं आहे.

शिवाय मूल्यं घरी ठेवून आलो असं जो म्हणतो, त्याच्याबरोबर ती न बोलावता येतात. महाराष्ट्रात 1984 मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांबरोबर महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलीस ठाण्याच्या आवारात प्रशिक्षित समाजकार्यकर्ती बसू लागली, आणि ती कल्पना पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचली. फार मोलाचं काम. पण समुपदेशनाच्या नावाखाली इतरत्र काय चालतं ते मी एका केंद्राच्या नोंदवहीत पाहिलं आहे. एकाच बाईचं नाव अकरा महिन्यांत चार वेळा, आणि प्रत्येक नावापुढे त्याच वळणदार अक्षरात, "उभयतांची समजूत घातली. समेट झाला." चौथ्या नोंदीत बाईच्या हाताला प्लास्टर असल्याचा उल्लेख होता. त्याच्यापुढेही समेट. लिहिणारी बाई दुष्ट नव्हती. संसार टिकला पाहिजे हे तिच्या लेखी मूल्यच नव्हतं, ते तिला जगाचं वळण वाटत होतं. आपल्याकडे सगळ्यात जास्त नुकसान अशा न दिसणाऱ्या मूल्यांनी केलं आहे.

माझी बाजू उलटी, आणि तितकीच धोक्याची. मार खाणाऱ्या बाईने घर सोडावं असं मला वाटतं, पहिल्या दिवसापासून वाटतं. एका बाईला मी तीन भेटींत हेच समजावत राहिले. चौथ्या भेटीला ती आली नाही. तिला काय हवं होतं ते मी विचारलंच नव्हतं. बहुधा रेशन कार्डावर नाव, थोडी उसंत, आणि नवऱ्याला कुणीतरी दरडावून सांगणं एवढंच. समेटवाली आणि मी, दोघींनी त्या बायकांच्या आयुष्यावर आपापला संसार रचायला घेतला होता.

रमाबाईंचा दाखला मला इथे फार जवळचा वाटतो. पंडिता रमाबाईंनी 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं. तिथे उच्चवर्णीय विधवा मुली शिकत. पुढे धोंडो केशव कर्व्यांशी विवाह केलेल्या गोदूबाई याच सदनाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. सदनात धर्मशिक्षण दिलं जाणार नाही, ज्याने त्याने आपला धर्म पाळावा, असं रमाबाईंनी जाहीर केलं होतं. त्या भरवशावर न्यायमूर्ती रानडे आणि भांडारकर सल्लागार झाले. रमाबाई स्वतः ख्रिस्ती. त्या आपल्या खोलीत स्वतःच्या मुलीबरोबर प्रार्थना करत आणि दार उघडं ठेवत. काही मुली आत येऊन बसू लागल्या. बोभाटा झाला, केसरीने कोरडे ओढले, 1893 मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

रमाबाईंचं म्हणणं होतं की मी कुणाला बोलावलं नाही, येणाऱ्याला हाकलणारही नाही, आणि माझ्याच घरात माझी प्रार्थना मी दार लावून का करू? वाचताना मी दर वेळी त्यांच्या बाजूने होते. केस न काढलेली विधवासुद्धा ज्या समाजाला सोसवत नव्हती, त्याने एका बाईला दार लावायला सांगावं याचा संताप येतो. आणि तरी, इतकी वर्षं मुलींच्या वसतिगृहांत काम केल्यावर मला ते दार नुसतं दार वाटत नाही. आत बसलेली बाई त्या मुलींना जेवू घालत होती, शिकवत होती. तिच्याशिवाय त्यांना दुसरं छप्पर नव्हतं. अशा माणसाच्या उघड्या दारातून जी मुलगी आत जाते, ती किती स्वतःहून जाते? हाक मारली नाही, एवढ्याने ओढ नव्हती असं ठरत नाही. आणि वाद पेटला तेव्हा पुण्याच्या शास्त्री-पंडितांचं काही बिघडलं नाही, रमाबाईही पुढे उभ्याच राहिल्या. अर्ध्यावर पुस्तक मिटून सासरी-माहेरी परत नेलेल्या मुलींनी पूर्ण किंमत दिली. रमाबाईंना श्रद्धा सोडायची गरज नव्हती. त्या खोलीत त्यांच्या हाती किती सत्ता आहे, याची जाणीव असती तर दार कदाचित लागलं असतं, असं मला वाटतं. हे लिहितानाही मन दुखतं, कारण इतकं धाडस मी आयुष्यात केलेलं नाही.

परदेशी पुस्तकांत या पेचावर एक ठरलेली सुटका असते. तुमच्या सद्सद्विवेकाला एखादी गोष्ट पटत नसेल, अविवाहित मुलीचा गर्भपात म्हणा, तर बाजूला व्हा आणि तिला दुसऱ्या कार्यकर्त्याकडे पाठवा. शहरात ठीक आहे. अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या ठाकरवाडीत दुसरा कार्यकर्ता कुठला? तिथून एसटी दिवसातून मोजक्या वेळा सुटते. मी बाजूला झाले म्हणजे त्या मुलीपुढचं दार बंद झालं. म्हणून खेड्यात काम करणाऱ्याला मूल्यांची चैन कमी परवडते. ज्याला काही कामं कधीच करता येणार नाहीत, त्याने त्या जागेवर बसण्याआधी तसं सांगावं; मुलगी समोर येऊन बसल्यावर नव्हे. मूल दत्तक द्यायला निघालेल्या आईसाठी बालन्याय कायद्याने निर्णय बदलायला दोन महिने ठेवले आहेत. ते मला म्हणूनच आवडतात. त्या साठ दिवसांत "आईने लेकरू टाकू नये" हे माझं मत आणि "हिचं पुढचं आयुष्य मोकळं व्हावं" हे माझ्या सहकाऱ्याचं मत, दोन्ही गप्प बसायला बांधील असतात.

मूल्यं जपूनही त्यांचा भार दुसऱ्यावर न टाकणारी माणसं आहेत. सांगलीत मीना शेषू यांची संग्राम ही संस्था 1990 च्या दशकापासून वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांबरोबर काम करते. अमेरिकन सरकारच्या मदतीला वेश्याव्यवसायविरोधी भूमिका जाहीर करण्याची अट जोडली गेली, तेव्हा संग्रामने सही नाकारून पैसा सोडला. त्यांची या व्यवसायाबद्दलची भूमिका सगळ्यांना पटत नाही. इथे नगरमध्ये 1989 पासून वेश्यावस्तीतल्या बायकामुलांसाठी झटणाऱ्या स्नेहालयाचा भर बाहेर काढण्यावर आणि पुनर्वसनावर राहिला आहे. मी या वादात अजून पुरती एका बाजूची झालेली नाही. पण भूमिकेसाठी संस्थेने स्वतःच्या तिजोरीतून मोजलं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आणि जामखेड. 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे तिथे आले ते आपल्या ख्रिस्ती श्रद्धेच्या बळावर. समतेबद्दलची त्यांची मतं कुठल्याही भाषणापेक्षा तिखट होती. त्यांनी गावागावांतल्या बायका निवडल्या, बऱ्याच निरक्षर, अनेक दलित, आणि त्यांना आरोग्यसेविका केलं. बाळंतपण, जुलाब, क्षय, कुष्ठ हे सगळं त्या शिकल्या. 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मला त्यांच्या कामातली पाण्याची गोष्ट आठवत राहते. गावात हातपंप बसवायचे तेव्हा ते दलित वस्तीत पडतील याकडे त्यांचं लक्ष असे. ज्याला पाणी हवं त्याने तिथे यावं. त्यांनी कुणाला विटाळावर प्रवचन दिलं नाही, कुणाला बांधलं नाही, औषधाच्या बदल्यात शपथ घेतली नाही. जो पाणी भरायला आला त्याची तहान भागली आणि गेली ती फक्त त्याची वरची पायरी. इथेही किंमत मोजावी लागलीच, पण ती अशाने मोजली ज्याच्याकडे द्यायला जास्तीचं होतं. दलित बाईच्या हातचं औषध घ्यायचं की नाही, हे आजारी मुलाच्या आईने स्वतः ठरवलं, आणि तिला ठरवायला वेळ मिळाला. श्रद्धा लपवली नाही, लादलीही नाही. ती पंपाची जागा ठरवण्याच्या कामी आली.

आपल्याकडे 'पगारी कार्यकर्ता' हा शब्द जरा नाक मुरडून उच्चारतात. व्रतस्थ तो खरा, पगारी तो पोटार्थी. माझं मत उलटं आहे. व्रतस्थ माणूस फक्त स्वतःच्या अंतरात्म्याला जाब देतो, आणि अंतरात्मा बहुधा आपल्याच बाजूने निकाल देतो. पगारीला विचारता येतं: नोंद का केली नाहीस, संमती कुठे आहे, तिला तिचे हक्क सांगितलेस का? भारतात वकिलांना बार कौन्सिल आहे, डॉक्टरांना आयोग आहे. तळागाळात काम करणाऱ्या समाजकार्यकर्त्याला मात्र, तो चुकला तर, समोरच्या माणसाने कुठे तक्रार करावी याची धड जागा नाही. तोवर आपणच आपल्यावर पहारा ठेवायचा.

आता कुठलीही मुलगी "ताई, एक सांगते" म्हणाली की मी तिला थांबवते. सांगते की तू सांगशील ते मी माझ्याजवळ ठेवीन. पण तू लहान आहेस आणि तुला कुणी इजा करत असेल, किंवा तुझं लग्न लावणार असतील, तर मला ते पुढे सांगावं लागेल. सांगायच्या आधी तुला कळवीन, आणि तू म्हणशील तर तुला बरोबर घेऊन जाईन. आता बोल.

बहुतेक जणी बोलतात. गेल्या वर्षी शेवगावकडच्या एका वसतिगृहात एक मुलगी हे सगळं ऐकून घेऊन गप्प झाली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मग राहू द्या." ओढणी सावरली आणि जेवणाच्या रांगेत जाऊन उभी राहिली. तिच्या मागोमाग जावं, हात धरून विचारावं, नियम गुंडाळून ठेवावा, असं मला फार वाटलं. मी अधीक्षक बाईंना तिच्याकडे लक्ष ठेवायला सांगितलं, आणि तिच्याजवळ जाऊन एवढंच म्हटलं की मी गुरुवारी परत येणार आहे. गुरुवारी मी नेहमीपेक्षा तासभर आधी पोहोचले आणि आम्ही त्या दिवशी बसलो होतो त्याच बाकावर जाऊन बसले.